जुन्या हापूस कलमांची छाटणी : करवत लावण्याआधी आणि लावल्यावर तीन वर्षे

पावसाळा संपत आला की दरवर्षी मला तेच फोन येतात. "गेल्या वर्षी कलमं छाटली, फुटलीसुद्धा झकास, आणि आता एकेक वाळत चाललंय. काय करू?" बहुतेकदा तोवर करण्यासारखे थोडेच उरलेले असते. चूक करवतीच्या दिवशी झालेली नसते. ती झालेली असते त्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांत, कारण छाटणी म्हणजे गडी बोलावून एका आठवड्यात उरकायचे काम, असा आपला समज असतो. कलम सहसा कापल्याने मरत नाही. उघड्या राहिलेल्या जखमेने, आवर न घातलेल्या फुटव्यांनी आणि पहिल्या पावसाळ्यातल्या भिरूडाने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीने, ते मरते.

हे मार्गदर्शन कोकणातल्या एखाद-दोन एकरांच्या घरच्या बागेसाठी आहे. कलमे तीस-चाळीस वर्षांपुढची, दहा बाय दहा मीटरवर लावलेली, म्हणजे एकरी चाळीसच्या आसपास. फांद्या एकमेकींत घुसलेल्या, आंबा लागतो तो शेंड्याला, फवारा वरपर्यंत पोचत नाही आणि काढणीला चढणारा गडी मिळत नाही. तुमची बाग अशी असेल तर पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर पुन्हा मागे येता येत नाही.

## टप्पा १ : छाटायची गरज आहे का, ते आधी ठरवा

निरभ्र दिवशी भर दुपारी बारा वाजता कलमाखाली उभे राहा आणि जमिनीकडे बघा. पातेऱ्यावर (गळून पडलेल्या पाल्यावर) उन्हाचे कवडसे जागोजागी पडलेले दिसले तर मोठ्या छाटणीची गरज नाही. वाळकी आणि आतली बारीक काटकी काढली तरी पुरते. अख्ख्या घेराखाली सावली काळीशार असेल, तर आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि तिथे मोहोर येणार नाही हे नक्की. हापूसचा मोहोर पक्व काडीच्या शेंड्याला येतो, आणि काडी पक्व व्हायला ऊन लागते.

आता प्रत्येक कलमाभोवती फिरून तीन गट पाडा.

पहिला गट : घेर दाट आहे, पण कलम अजून बऱ्यापैकी धरते. अशा कलमाची फक्त मधली उभी फांदी काढायची आणि आत ऊन पाडायचे. त्या वर्षीचे पीकही फारसे बुडत नाही. माझ्या मते घरच्या बागेतली निम्मी कलमे याच गटात बसतात आणि लोक ती उगाच बोडकी करतात.

दुसरा गट : उंची ३०-४० फूट, खालच्या फांद्या उघड्या, पाला फक्त टोकाला. ही खरी पुनरुज्जीवनाची कलमे. यांची उंची १८-२० फुटांवर आणायची.

तिसरा गट : खोडाला भोके, बुंध्याशी भुसा, सालीखालून डिंक. यांना यंदा करवत लावायची नाही. आधी भिरूड काढायचा, कलम सावरू द्यायचे, मग पुढच्या वर्षी पाहायचे.

तपासणी : लाकडी दांडक्याने खोडावर आणि मोठ्या फांद्यांवर ठोका. आवाज खणखणीत आला तर लाकूड भरीव आहे. बद्द आवाज आला तर आतून पोखरलेले आहे. अशा फांदीवर माणूस चढवू नका.

ध्यानात ठेवा : महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे. अख्खे कलम काढून टाकायचे असेल किंवा निघालेले लाकूड बाहेर विकायचे असेल, तर आधी वनखात्याकडे विचारून परवानगी घ्या.

## टप्पा २ : बागेचे तीन भाग पाडा

सगळी बाग एकाच वर्षी छाटू नका. जोरात छाटलेले कलम दोन वर्षे जवळजवळ काही देत नाही, तिसऱ्या वर्षी थोडे देते. घरखर्च बागेवर चालत असेल तर दुसऱ्याच वर्षी हात आखडतो आणि नेमकी तेव्हाच निगा थांबते. मी अर्धवट सोडलेल्या जेवढ्या बागा पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच या कारणाने सुटलेल्या होत्या.

एकरात ४० कलमे असतील तर दरवर्षी १३-१४ घ्या. पण इथेही एक गोम आहे. लोक बागभर फिरून एक इथले, एक तिथले असे वाईट कलम निवडतात. मग छाटलेले कलम चहूबाजूंनी उंच कलमांच्या सावलीत सापडते आणि त्याचे फुटवे उन्हाच्या शोधात काठीसारखे सरळ वर जातात. म्हणून लागून असलेल्या ओळींचा एक सलग पट्टा घ्या. सुरुवात दक्षिणेकडून करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे उरलेल्या उंच कलमांची सावली नव्या पालवीवर पडत नाही.

बागेच्या कडेला, गडग्याला लागून एखाददुसरे रायवळ असेल तर ते राहू द्या. हापूसला परपरागीभवनासाठी दुसऱ्या जातीचा मोहोर जवळपास असलेला बरा.

## टप्पा ३ : ऑगस्ट ते सप्टेंबरची तयारी

१. जुना घेर आखून ठेवा. हे काम जवळजवळ कोणीच करत नाही. कलमाचा घेर आज जिथवर पोचतो तिथे जमिनीवर चार-सहा जांभ्याचे दगड ठेवा. छाटल्यावर घेर लहान होईल, पण अन्न घेणारी बारीक मुळे जुन्या घेराखालीच राहतील. खत पुढे तिथेच द्यायचे आहे. दगड नसले तर गडी नव्या लहान घेराप्रमाणे बुंध्याजवळ खत टाकतात आणि ते वाया जाते.

२. माती तपासून घ्या. जांभ्या दगडाची आपली माती आम्ल असते आणि स्फुरद धरून ठेवते. नुसत्या अंदाजाने पोती ओतण्याआधी अहवाल हातात असू द्या.

३. फांद्यांवर खुणा करा. एकाने दूर, वीसेक पावलांवर उभे राहायचे आणि दुसऱ्याने सांगितलेल्या फांदीवर चुन्याचा पट्टा मारायचा. झाडावर बसलेल्या माणसाला झाडाचा आकार दिसत नाही. खुणा करून झाल्या की एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी पुन्हा बघा. दरवेळी दोन-तीन खुणा पुसाव्याशा वाटतात.

४. कल्टारचा हिशेब मांडा. मोहोर यावा म्हणून मातीतून देतात ते कल्टार (पॅक्लोब्युट्राझॉल) वाढ रोखते आणि मातीत बराच काळ टिकते. छाटणीनंतर तर आपल्याला जोमदार वाढ हवी असते. म्हणून ज्या पट्ट्याची पाळी पुढच्या वर्षी आहे, त्याचे कल्टार शक्यतो आदल्या वर्षापासूनच बंद करा.

५. सामान आधी आणा. मोरचूद, कळीचा चुना, रंगाचे ब्रश, धारदार करवत, जाड दोर, कमरेचा पट्टा. पेस्टचे सामान घरात आल्याशिवाय करवत झाडाला लागता कामा नये.

सरकारी मदत हवी असेल तर जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाबद्दल सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) याच काळात विचारा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या योजनांत पूर्वसंमती मिळाल्यावर काम सुरू करायचे असते. आधी छाटून मग अर्ज केला तर उपयोग होत नाही.

## टप्पा ४ : वेळ साधा

पाऊस पुरता माघारी गेल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत छाटा. जमिनीत ओल असते, हवा कोरडी होत असते, जखम सुकते आणि महिना-दीड महिन्यात फूट निघते.

आंबा उतरला की जूनच्या तोंडावर छाटायचा मोह होतो, कारण गडी तेव्हा मोकळे असतात. तो टाळा. मोठी जखम तीन-चार महिने पावसात भिजते, पेस्ट धुऊन जाते, लाकूड कुजते, आणि नेमक्या त्याच काळात भिरूडाचे भुंगे अंडी घालायला साल शोधत फिरत असतात. जानेवारी-फेब्रुवारीही नको. तोवर झाडाने साठवलेले अन्न मोहोराला लावलेले असते आणि कोवळी पालवी थेट मार्चच्या उन्हात सापडते.

तपासणी : परतीच्या पावसाची सर अजून येते आहे का? येत असेल तर आठवडाभर थांबा. त्याने काही बिघडत नाही.

## टप्पा ५ : कापणी, याच क्रमाने

आधी वाळलेल्या, रोगट आणि बांडगुळाच्या फांद्या काढा. बांडगूळ नुसते खुडून भागत नाही. त्याची मुळे फांदीच्या लाकडात उतरलेली असतात आणि तिथूनच ते पुन्हा फुटते. बांडगूळ चिकटले आहे तिथून बुंध्याच्या बाजूला किमान फूटभर सोडून फांदीच कापा.

मग मधली सरळ उभी फांदी काढा. ती खाली आली की थांबा, बाजूला जा आणि कलमाकडे बघा. पुष्कळदा आधी खुणा केलेल्या फांद्यांपैकी दोन कापायची गरजच उरत नाही.

त्यानंतर उंची. बाजूच्या मुख्य फांद्या १८-२० फुटांच्या आत आणा. शेवटी एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या.

जाड फांदीला तीन काप द्यायचे. पहिला खालून : जिथे शेवटी कापायचे आहे तिथून फूटभर पुढे, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा वरून : पहिल्या कापाच्या थोडा पुढे. फांदी वजनाने मोडते, पण साल खालपर्यंत सोलत नाही. तिसरा काप खरा : उरलेले थोटूक मूळ जागी कापायचे. हा काप तिरका ठेवा, पाणी त्यावर साचता कामा नये. फांदी मुळापासूनच काढायची असेल तर सांध्याशी जो फुगीर कंगोरा असतो तो शाबूत ठेवा. जखम तिथूनच भरून येते. कंगोरा खरवडला तर ती भरत नाही, आणि लांब थोटूक ठेवले तर ते वाळून कुजत आत जाते.

बोटाएवढी काटकी कोयत्याने तोडली तर चालेल. मनगटाच्या वर मात्र करवतच हवी. कोयत्याचे घाव लाकूड चिरतात आणि त्या चिरांत पाणी व कीड दोन्ही शिरतात.

कापतानाची सर्वांत मोठी चूक : एकही हिरवी फांदी न ठेवता अख्खे कलम खुंटासारखे बोडके करणे. प्रत्येक कलमावर पाल्याने भरलेली निदान एक, जमल्यास दोन फांद्या ठेवा, शक्यतो दक्षिण-पश्चिम बाजूला. फूट येईपर्यंत ती फांदी मुळांना अन्न पुरवते आणि दुपारच्या उन्हात उघड्या खोडाला सावली देते. पुढच्या ऑक्टोबरला नवा घेर तयार झाला की तीही छाटता येते. आम्ही पहिल्या वर्षी ही फांदी ठेवली नव्हती. मार्चमध्ये पश्चिमेकडची साल भाजून तडकली आणि त्या तडांतूनच पुढे भिरूड शिरला. त्या पट्ट्यातली तीन कलमे गेली. माझ्या वडिलांनी खांद्यावरून पाणी घालून वाढवलेली होती.

सावधान : चढणाऱ्याला दोर आणि पट्टा बांधल्याशिवाय वर सोडू नका. मोठी फांदी दोराने बांधून हळू उतरवा, नाहीतर ती पडताना खालच्या चांगल्या फांद्या मोडते. कापलेल्या जागेचा चीक अंगाला भाजतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. विजेची तार जवळ असेल तर वायरमनला सांगून प्रवाह बंद करून घेतल्यावरच काम.

## टप्पा ६ : त्याच दिवशी पेस्ट

संध्याकाळी गडी घरी जाण्याआधी त्या दिवसाच्या प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लागलेली असली पाहिजे. दहा टक्के पेस्टचे माप सोपे आहे.

१. एक किलो मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात आदल्या रात्री भिजत घाला. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे वापरू नका.

२. एक किलो कळीचा चुना दुसऱ्या बादलीत थोड्या-थोड्या पाण्याने विझवा, एकूण ५ लिटर करा आणि गाळून घ्या. हवा लागून भुकटी झालेला जुना चुना उपयोगाचा नाही.

३. दोन्ही गार झाल्यावर तिसऱ्या बादलीत ढवळत ढवळत एकत्र करा.

तपासणी : विळ्याचे घासून स्वच्छ केलेले पाते मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, आणखी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा पाहा. पाते स्वच्छ निघाले की पेस्ट लावायला घ्या. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा.

कापाच्या कडेने खाली वीतभर सालीवरही ब्रश फिरवा. ऊन नव्याने पडू लागलेल्या उघड्या फांद्यांना आणि खोडाला साध्या चुन्याचा हात द्या, म्हणजे साल भाजत नाही. पेस्टचा दुसरा हात महिन्याभराने आणि तिसरा मेअखेर, पावसाआधी. तिसरा हात हमखास विसरला जातो. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

निघालेल्या लाकडात भोके आणि भुसा दिसला तर त्या ओंडक्यांत अळ्या आहेत असे समजा. ते बागेत रचून ठेवू नका. पावसाळ्याआधी जळणाला वापरून संपवा, नाहीतर जूनमध्ये भुंगे त्यातूनच बाहेर पडतील.

## टप्पा ७ : फुटवे आवरा

डिसेंबरात एकेका कापाखाली वीस-तीस धुमारे फुटतात. कलम हिरवेगार दिसते, फोटो काढावासा वाटतो. इथेच लोक समाधान मानून थांबतात आणि इथेच दुसरी मोठी चूक होते. सगळे ठेवले तर दोन वर्षांत आधीपेक्षा दाट झाडू तयार होतो, मोहोर येत नाही, आणि वर करपा-तुडतुड्यांना घर मिळते.

पण एकदम तीन-चारच ठेवून बाकी सगळे काढणेही चुकीचे. कोवळा धुमारा जुन्या फांदीला फक्त वरवर चिकटलेला असतो, वाऱ्याने सहज निखळतो. पहिल्या पावसाळ्यात काही जाणारच, असे धरून विरळणी तीन वेळा करा.

पहिली, धुमारे वीतभर झाल्यावर : प्रत्येक फांदीवर सगळ्या बाजूंना विखुरलेले ८-१० ठेवा. आतल्या बाजूचे आणि सरळ उभे काढा.

दुसरी, मे महिन्यात : ५-६ ठेवा.

तिसरी, पावसाळा संपल्यावर : प्रत्येक फांदीवर ३-४ कायम. आता जे टिकले आहेत ते घट्ट बसलेले आहेत.

कोणते ठेवायचे? बाहेरच्या दिशेने झुकलेले, एकमेकांपासून वीतभर अंतरावरचे, आणि अगदी कापाच्या काठावरून न निघता थोडे खालून निघालेले. काठावरचे सगळ्यात जोमदार दिसतात, म्हणून मोह पडतो. पुढे तिथले लाकूड वाळले की फळाच्या वजनाने तेच आधी फाटतात. काढताना हाताने ओरबाडू नका, साल सोलते. छाटणीच्या कात्रीने मुळाशी कापा.

कायम ठेवलेली फांदी दीड-दोन हात वाढली आणि तिची पाने पिकून गडद झाली की शेंडा खुडा. बाजूने फूट निघते आणि घेर आडवा भरतो.

या कोवळ्या पालवीवर दोन गोष्टी पाहत राहा. जमिनीवर कात्रीने कापल्यासारखी कोवळी पाने पडलेली दिसली तर ते पाने कापणाऱ्या भुंग्याचे काम आहे. मादी पानात अंडी घालून मग ते पान कापून पाडते. फवारा मारायच्या आधी ती पाने रोजच्या रोज गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, पुढची पिढी तिथेच थांबते. दुसरे, शेंडा मलूल होऊन मान टाकतो तेव्हा आत शेंडा पोखरणारी अळी असते. तो शेंडा अळीसकट कापून नष्ट करा. दहा-पंधरा कलमांच्या पट्ट्यात हे हाताने सहज होते, आणि लहान बागेची हीच तर जमेची बाजू आहे. झाडावर ओंबील (पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या) असतील तर त्यांची घरटी मोडू नका. चावतात खऱ्या, पण कोवळ्या पाल्यावरच्या बऱ्याच किडी खातात.

## टप्पा ८ : पहिला पावसाळा आणि भिरूड

सगळ्या टप्प्यांतला हा सर्वांत निकराचा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी छाटलेल्या प्रत्येक कलमाभोवती एक फेरी, तीही खाली वाकून. छाटलेले, ताण पडलेले कलम भिरूडाला सोपे सापडते. भुंगा करड्या रंगाचा, अंगावर पिवळसर-नारिंगी ठिपके, मिशा शरीराहून लांब. तो रात्री उजेडाकडे येतो. पावसाच्या तोंडावर बागेत दिवा लावून भुंगे गोळा केले तर पुढची बरीच मेहनत वाचते.

मादी सालीच्या चिरांत आणि जखमांच्या कडेला अंडी घालते. अळी आधी सालीखाली, मग लाकडात बोगदा करत जाते आणि आत महिनोन् महिने राहते. बाहेर दिसते ते एवढेच : बुंध्याशी किंवा फांदीच्या बेचक्यात ताजा भुसा, आणि सालीतून पाझरणारा रस. पाने पिवळी पडून फांदी वाळू लागली की उशीर झालेला असतो.

भुसा दिसला की असे करा :

१. भुसा झाडून टाका आणि तो नेमका कोणत्या भोकातून येतो ते शोधा. सर्वांत खालचे भोक बहुधा जुने असते, अळी तिथून वर गेलेली असते.

२. धारदार पटाशीने तेवढ्यापुरती मेलेली साल काढा. ओली, पांढरी, जिवंत साल दुखवू नका.

३. सायकलच्या चाकाची तार घ्या, टोकाला बारीक आकडी करा आणि भोकात सरकवा. मऊ लागले की पिळा देऊन ओढा. अळी बोटाएवढी, पिवळट पांढरी, डोके तपकिरी. ती बाहेर आल्याशिवाय काम झाले असे समजू नका.

४. भोक चिखल-शेणाच्या गोळ्याने घट्ट बुजवा, खरवडलेल्या सालीवर बोर्डो पेस्ट लावा.

तपासणी : आठ दिवसांनी परत या. बुजवलेल्या भोकाखाली ताजा भुसा नसेल तर अळी गेली. असेल तर बाजूला दुसरे भोक आहे, ते शोधा. बोगदा इतका खोल की तार पोचत नाही, असे झाले तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची त्या वर्षीची शिफारस सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून घ्या आणि तेवढ्याच भोकापुरता उपाय करा. अख्ख्या बागेवर जहाल औषध फवारून खोडातल्या अळीचे काही बिघडत नाही. मरतात त्या मोहोरावर येणाऱ्या माश्या आणि मधमाश्या.

## टप्पा ९ : खत, पाणी, पातेरा

छाटणीनंतर लगेच खताची पोती ओतू नका. पाने नसताना झाड ते घेणार कशाने? खत जूनच्या पहिल्या पावसानंतर, आखून ठेवलेल्या दगडांच्या रेषेलगत आतल्या बाजूने, वीतभर खोल गोल चरात. पूर्ण वाढलेल्या कलमाला ५० किलो कुजलेले शेणखत हवेच. त्यासोबत गिरिपुष्पाचा पाला चरात दाबा, गडग्याच्या कडेने गिरिपुष्प लावले असेल तर हा पाला फुकट मिळतो. रासायनिक खत देत असाल तर नत्र माती परीक्षणाच्या अहवालाबाहेर वाढवू नका. जास्तीच्या नत्राने पालवी लुसलुशीत होते आणि तुडतुडे तिच्यावर तुटून पडतात.

पाणी फार नाही, पण वेळेवर. पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारी-मार्चपासून दर पंधरा दिवसांनी कलमामागे १५०-२०० लिटर मिळाले तर पालवी तग धरते. तेही दगडांच्या आत पसरून द्या, बुंध्यात नको.

पातेरा जाळू नका. बागेतले सगळे खत त्यात आहे. घेराखाली चार-सहा बोटे जाडीचा थर पसरा, मात्र बुंध्यापासून फूटभर जागा मोकळी ठेवा. खोडाला टेकलेल्या ओल्या पातेऱ्यात वाळवी लागते आणि भुसा दिसत नाही.

सावधान : पातेरा म्हणजे वणव्याला निमंत्रण, हेही विसरू नका. जानेवारीतच बागेच्या चारही बाजूंनी दहा फुटांची जाळरेषा साफ करून घ्या. सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या), गवताने वेढलेल्या बागेत हे जमत नसेल तर पातेरा पसरण्याऐवजी खड्ड्यात शेणकाल्यासह कुजवा आणि जूनमध्ये घाला.

छाटलेल्या पट्ट्यात दोन-तीन वर्षे भरपूर ऊन येते. तिथे हळद किंवा सुरण घेता येतो, थोडा खर्च निघतो. बुंध्याभोवती सहा-सात फुटांच्या आत मात्र खणू नका, आणि वेल कलमावर चढवू नका.

## टप्पा १० : दुसरे आणि तिसरे वर्ष

दुसऱ्या हिवाळ्यात नव्या फांद्यांवर तुरळक मोहोर दिसेल. काडी बोटाएवढी जाड नसेल तर मोहोर खुडून टाका. चार आंब्यांच्या हौसेने फांदी वाकते आणि घेर बिघडतो. तिसऱ्या हंगामात मोहोर धरा. तोवर कल्टारला हात लावायचा नाही. पुढेही आधी घेर पुरता भरला आहे का ते पाहा.

बुटक्या कलमाचा खरा फायदा इथून सुरू होतो. मोहोर डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तुडतुडे आणि भुरी आधी दिसतात आणि फवारा लागतो तो मोजकाच, नेमक्या जागी. फळ अंड्याएवढे झाले की कागदी पिशवी घालता येते. फळमाशीपासून फळ वाचते आणि साल डागाळत नाही. सोबत मिथाइल युजेनॉलचे रक्षक सापळे टांगा आणि पडीचा आंबा रोज वेचून पुरून टाका. सडका आंबा कलमाखाली राहिला तर सापळ्यांचा उपयोग अर्धा होतो.

चौदा आणे तयार झालेला (सोळा आणे म्हणजे पुरता तयार) आंबा देठासकट, जमिनीवर उभे राहूनच झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवा. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. उतरवलेला आंबा तापल्या कातळावर ठेवू नका, लगेच सावलीत घ्या.

दरवर्षी काढणी आटोपल्यावर, पाऊस लागण्याआधी, फक्त वाळकी आणि बोटापेक्षा बारीक आडवी काटकी काढा. मनगटाएवढी काही कापायची असेल तर तिच्यावर चुन्याची खूण करून ऑक्टोबरपर्यंत ठेवा. त्या ऑक्टोबरला दुपारी बाराला पुन्हा कलमाखाली उभे राहा आणि कवडसे मोजा.